इंटरवलच्या पुढचं

मारोतराव ठोंबऱ्यांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन एप्रिलच्या सुरुवातीला यवतमाळला झालं. डॉक्टरांनी बजावलं, दीड महिना वावराचं नावही काढायचं नाही. सदुसष्ट वर्षांच्या आयुष्यात हा माणूस एवढे दिवस छपराखाली कधी राहिला नव्हता. पलंग खिडकीपाशी ओढून घेतला आणि तिथून त्यांनी गाव चालवायला घेतलं. कोणाचा ट्रॅक्टर कुठं निघाला, कोणी तुराट्या अजून उचलल्या नाहीत, कोणाची गाय सुटली, सगळं ते ओरडून विचारत. उत्तर मिळालं नाही की घरातल्यांना विचारत.

घरात दुपारी दोघीच. बायको मैनाबाई आणि सून निकिता. मुलगा कपिल दिग्रसला कृषी केंद्रात कामाला, सकाळी नऊला मोटरसायकलवर जायचा तो अंधार पडताना यायचा. सावरखेड ते दिग्रस बारा किलोमीटर. निकिताच्या लग्नाला अजून पाच महिनेही झाले नव्हते. ती यवतमाळ शहरातली, घरात टीव्ही आणि गप्पा दोन्ही सतत सुरू असलेल्या माणसांत वाढलेली. इथं सासरे तिच्याशी दोनच शब्द बोलत, "बाई, पाणी." सासू प्रेमळ, पण सदा कामात. निकिताला कधीकधी वाटे, आपण या घरात पाहुण्याच आहोत, फक्त मुक्काम लांबलाय.

"बाबा, टीव्ही लावू का?" एका दुपारी तिनं न राहवून विचारलं. सासऱ्यांनी त्या दिवशी चौथ्यांदा विहिरीवरची मोटर बंद केली का, ते विचारलं होतं.

"लाव बापा. काय पाह्यतं पण त्याच्यात?"

बाहेर पंचेचाळीस अंशांचं ऊन. कूलर घरघरत होता. निकितानं जुन्या सिनेमांचं एक चॅनल लावलं. एक बाई पांढऱ्या साडीत विहिरीच्या काठावर उभी होती आणि गावातली माणसं दोर टाकून काहीतरी वर ओढत होती. मैनाबाई स्वयंपाकघरात कुरड्यांसाठी गव्हाचा चीक शिजवत होत्या. गाण्याचे सूर कानावर पडले तशा त्या हातातला चाटू घेऊनच दारात आल्या.

"अव माय! हा तं विहिरीवाला सिनेमा!"

"तुम्ही पाहिलाय, आई?"

"पाह्यला नं. अर्धा."

"अर्धा म्हणजे?"

मैनाबाईंनी पदरानं घाम पुसला आणि हसल्या. "म्या सातही सिनेमे अर्धेच पाह्यले, बाई."

मग त्यांनी सांगितलं. लग्नानंतरची पाच-सहा वर्षं. सणासुदीच्या खरेदीला नवरा-बायको दिग्रसला जात. खरेदी आटोपली की मारोतराव त्यांना टॉकीजमध्ये नेत. बाराचा खेळ फक्त रविवारी, एरवी पहिला खेळ तीनचा. आणि सावरखेडची शेवटची गाडी पावणेपाचची. इंटरवल झाला, लाइट लागले की पिशव्या उचलायच्या आणि बस स्टँडकडे धूम ठोकायची. पहिली मुलगी झाली तसं तेही सुटलं. पुढं गावात टीव्ही आले, पण दुपारी मैनाबाई वावरात आणि संध्याकाळी टीव्हीवर कपिलचं क्रिकेट. आणि सिनेमांची नावं तरी कोणाला ठाऊक होती? त्यांना वाचता येत नव्हतं.

"मग शेवट काय झाला ते कधी कळलंच नाही?"

"कळन कसं? म्याच लावले शेवट. बाया विचारत, मैनाबाई, पुढं काय झालं? इंटरवललेच आलो, असं सांगाची लाज वाटे. मंग रस्त्यानं बसमंदी बसल्या बसल्या जुळवत येवो मी."

निकिता हसत सुटली. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर पाहत होते.

स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला. चीक बुडाला लागला होता. मैनाबाईंनी आत जाऊन गॅस बंद केला, पातेलं उतरवलं आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा, भर दुपारी, करपलेलं तसंच सोडून टीव्हीसमोर येऊन बसल्या.

विहिरीतून निघालं ते मुनीमजीचं प्रेत. मैनाबाईंच्या गोष्टीत त्याला ढकललं होतं नायिकेच्या थोरल्या जावेनं. का, तर तो एका गरीब विधवेची जमीन गिळायला निघाला होता. शेवटी थोरली जाऊ पंचायतीत उभी राहून कबूल करते आणि सगळं गाव म्हणतं, मुनीम पाय घसरूनच पडला. सिनेमात मात्र शेवटच्या दहा मिनिटांत नायकाचा हुबेहूब जुळा भाऊ उगवला, मिशी लावलेला. त्यानंच ढकललं होतं.

"जुळा?" मैनाबाई टीव्हीकडे बोट करून म्हणाल्या. "एवढा वेळ कुठी होता थो? इंटरवलपर्यंत तं मले एकदाही नाही दिसला!"

त्या संध्याकाळी ही बातमी शेजारी गेली. शेजारी म्हणजे हंसाबाई आणि प्रभावती. हंसाबाई मैनाबाईंच्या वयाच्या, जिभेनं तिखट. प्रभावती दहा-बारा वर्षांनी लहान, अंगणवाडीतलं काम नुकतंच सोडलेल्या, प्रत्येक गोष्टीची खात्री करून घेणाऱ्या. दोघींनी हे सातही सिनेमे मैनाबाईंच्या तोंडूनच पाहिले होते. प्रभावती तेव्हा परकरात होत्या.

"म्हणजे थोरल्या जावेनं नाही ढकललं?" हंसाबाईंनी कंबरेवर हात ठेवून विचारलं. "म्या माया पोरीयले हीच गोष्ट सांगून वाढवलं. तू मले चाळीस वर्सं फसवून राह्यली का व?"

"फसवलं नाही. तुले आवडली होती का नव्हती?"

"आवडली होती," हंसाबाई म्हणाल्या. "पण आता बाकीच्याचं काय? ते पाह्याच लागन."

निकिताला हेच हवं होतं. बाकीचे सहा सिनेमे शोधायचे कसे, हा प्रश्न होता. मैनाबाईंना नावं माहीत नव्हती. त्यांना आठवत होतं ते असं: काळ्या घोड्याचा, आंधळ्या मास्तरीणबाईचा, डाकबंगल्याचा, चहाच्या मळ्याचा, दोन टोप्यांचा, आणि एक "ज्याच्यात ते सासू पुरी वेळ पान खाते". एवढ्यावर कोणता मोबाईल उत्तर देईल? मग निकिताच्या डोक्यात आलं. गाणी तर आठवत असतील! फोनला नुसती चाल गुणगुणून दाखवली तरी तो गाणं ओळखतो.

मैनाबाईंनी आधी नाही म्हटलं. त्यांच्या सासऱ्यांपुढं गाणं म्हणायचं नाही, अशी सवय लागलेली. आता सासरे नव्हते, नवरा होता, तरी लाज तीच. शेवटी पदर तोंडापुढं धरून त्यांनी आंधळ्या मास्तरीणबाईचं गाणं फोनमध्ये गुणगुणलं. फोननं थोडा विचार केला आणि एका टूथपेस्टची जाहिरात दाखवली.

"चूक हाय थो," मारोतराव पलंगावरून म्हणाले. "जरा वर घे. दुसऱ्या ओळीले सूर वर जाते."

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"रेडिओवर लागे नं," ते घाईनं म्हणाले.

मैनाबाईंनी सूर वर घेतला आणि फोननं सिनेमा ओळखला. असं करता करता आठवडाभरात सहापैकी पाच सापडले. पान खाणाऱ्या सासूचा काही केल्या मिळेना, कारण त्यातलं एकही गाणं कोणाला आठवत नव्हतं.

मग रोज दुपारी दोनचा खेळ सुरू झाला. सकाळी उन्हाच्या आधी गच्चीवर कुरड्या, पापड, काडीवर वळलेले सरगुंडे उरकायचे. जेवणं झाली की हंसाबाई आणि प्रभावती डोक्यावरून ओले टॉवेल घेऊन धावत येत. कैरीचं पन्हं होई. निकितानं नियम लावला. आधी इंटरवलपर्यंत सिनेमा बघायचा, मग टीव्ही थांबवून मैनाबाईंनी आपला शेवट सांगायचा, मग खरा शेवट बघायचा आणि कोणता चांगला ते सगळ्यांनी हात वर करून ठरवायचं.

डाकबंगल्याच्या सिनेमात मैनाबाई तीन विरुद्ध एक मतांनी जिंकल्या. विरोधातलं मत प्रभावतींचं होतं. त्यांचं म्हणणं, भूत दाखवलं तर शेवटी ते भूतच निघायला हवं, चौकीदाराची बायको नाही. मारोतराव मत देत नसत. म्हणत, "मी पंच हाय." पण एक वाजल्यापासून घड्याळाकडे तेच पाहत. मोटर बंद झाली का, हे विचारणं त्यांनी सोडून दिलं होतं. एकदा तर खिडकीखालून कोणीतरी ट्रॅक्टर उलटा घेताना कुंपणाला धडकवला आणि त्यांनी मानही वळवली नाही.

आंधळ्या मास्तरीणबाईच्या सिनेमाला निकिताला पहिल्यांदा शंका आली. त्यात एक ट्रकवाला असतो. मास्तरीणबाईवर जीव, पण बोलत नाही. इंटरवलला तो तिच्या दारात बाजाची पेटी ठेवून निघून जातो. मैनाबाईंच्या शेवटात तो परत येतो आणि ट्रकमधून आसपासच्या गावांतली पोरं तिच्याकडे गाणं शिकायला आणतो. लग्न होतं की नाही, हे त्या सांगत नसत. "ते त्यायच्यावर सोडलं," म्हणत. खऱ्या सिनेमात घाटात अपघात होऊन ट्रकवाला मरतो आणि त्याचे डोळे तिला बसवतात.

"मारलं काहून त्याले?" हंसाबाई टीव्हीवरच ओरडल्या. "कोणाचं काय बिघडवलं होतं त्यानं?"

पण निकिताचं लक्ष दुसरीकडेच होतं. घाटाचं दृश्य सुरू झालं, ट्रकवाला अजून मजेत शीळ घालत होता, आणि तेवढ्यात मारोतरावांनी उशीखालून रुमाल काढून डोळ्याला लावला होता. अपघाताला अजून दोन मिनिटं होती.

 पुढच्या बुधवारी ते आपोआप बाहेर आलं.

त्या दिवशी काळ्या घोड्याचा सिनेमा होता आणि बरोबर इंटरवलला कूलर बंद पडला. खोलीची भट्टी झाली. कपिलनं दिग्रसहून जफरभाईंना पाठवलं. जफरभाई म्हणजे मोटर वाइंडिंगवाले, मारोतरावांचे तरुणपणापासूनचे दोस्त. पूर्वी त्यांचं सायकलचं दुकान टॉकीजच्या गेटाशेजारी होतं. टॉकीज आता राहिली नव्हती, जफरभाईंच्या दाढीत एकही काळा केस राहिला नव्हता, पण हात तसाच चपळ. कूलरची मोटर उघडून त्यांनी बोटानं पंखा फिरवला, तेल सोडलं, एक वायर बदलली, आणि उठता उठता त्यांची नजर टीव्हीवर गेली. पडद्यावर काळा घोडा थांबलेला होता.

"अरे! हा लावला का आज?" ते खूश होऊन म्हणाले. "मारोत भाऊ, याद हाय ना? घोडा आगमंदी घुसते अन् छोकरीले बाहेर आणते. तू खुर्चीवर उभा राह्यलता, मागचे लोग शिव्या देऊन राह्यले होते! आन् तो आंधळीवाला पिक्चर... त्याच्यात तं तू इतका रडला का मले तुले पकडून बाहेर न्या लागलं. कितने पिक्चर देखे रे आपण सहाच्या खेळाले!"

 कूलर घरघरत सुरू झाला होता.

"सहाच्या खेळाले?" मैनाबाईंनी विचारलं. आवाज अगदी साधा होता.

जफरभाईंनी मित्राच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग भाभींच्या, आणि काय झालं ते त्यांच्या लक्षात आलं. "नाही म्हंजे... कधी कधी... बहुत पुरानी बात हाय, भाभी." त्यांनी पेचकस पिशवीत टाकला आणि पन्ह्याचा पेला तसाच ठेवून निघाले.

मैनाबाई उठल्या. "कुरड्या वाळल्या असतीन," म्हणाल्या आणि साडेचारच्या उन्हात, डोक्यावर काही न घेता, गच्चीवर निघून गेल्या. घोडा आगीत गेला की नाही, हे त्या दिवशी कोणी पाहिलं नाही.

पुढचे चार दिवस घरात बोलणं निकिताच्या मार्फत चाले.

"तुया सासऱ्याले सांग, गोळ्या घ्या म्हणा."

"तुया सासूले सांग, घेतल्या म्हणा."

दोघं एकमेकांपासून तीन हातांवर असत. दुपारचा खेळ बंद. हंसाबाई एकदा डोकावून गेल्या आणि वारा कुठला आहे ते ओळखून परत फिरल्या. कपिलला निकितानं सांगितलं तर तो म्हणाला, "चाळीस वर्षांपूर्वीच्या सिनेमावरून? होईल नीट." पण निकिताला झोप लागेना. टीव्ही आपणच लावला. नसता लावला तर आई-बाबा आपले सुखात होते, असं तिला सारखं वाटे.

पाचव्या दिवशी मैनाबाई शेजारी गेलेल्या पाहून ती सासऱ्यांसमोर स्टूल घेऊन बसली. "बाबा, रागावू नका. पण तुम्ही आईंना सांगितलं का नाही?"

मारोतरावांनी गुडघ्यावरचा पट्टा चाचपला. मग बोलायला लागले, आणि निकिताच्या लक्षात आलं की लग्न झाल्यापासून हे आपल्याशी पहिल्यांदाच बोलताहेत.

"तवा कापूस बैलबंडीनं न्यावो आमी. दिग्रसच्या जिनिंगवर बंड्यायची लाइन लागे, दोन-दोन दिवस नंबर नाही लागे. बैलं सोडायची अन् बसून राहायचं. जफर म्हणे, चाल सहाचा खेळ पाहू. पह्यल्या खेपेले मले वाटलं, घरी जाऊन मैनाले पुढचं सांगू. लय आनंदात आलतो मी. तं अंगणात दहा-बारा बाया बसेल, अन् मधात हे तुयी सासू. गोष्ट सांगून राह्यली. विहिरीवाली. म्या दारातूनच आयकली." ते थांबले. "बाई, तुले खरं सांगतो, मी तिथंच उभा राह्यलो. तिची गोष्ट लय चांगली होती. थो जुळा भाऊ कायले सांगू मी? सगळं बिघडलं असतं. म्हटलं राहू दे. मंग दर खेपेले राहूनच गेलं."

"हे आईंना सांगा."

"आता? चाळीस वर्सानं?"

"आता नाही तर कधी?" निकिता म्हणाली, आणि आपण सासऱ्यांना उलट बोललो, हे लक्षात येऊन उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला मैनाबाई गच्चीवर धोतरावर सरगुंडे पसरत होत्या. जिन्यावर वॉकरचा ठक-ठक आवाज आला. डॉक्टरांनी जिना चढायला अजून दहा दिवस मनाई केली होती. निकिता खालून धावली, पण मारोतरावांनी हातानंच तिला थांबवलं. पंधरा पायऱ्या चढायला त्यांना किती वेळ लागला कोण जाणे. ती खाली जिन्याशीच थांबली, पडले तर धरायला.

"पडाचं हाय का?" मैनाबाई पाच दिवसांत पहिल्यांदा थेट बोलल्या.

"पडलो तं पडलो. आयकून घे." आणि त्यांनी जिनिंगपासून अंगणातल्या बायांपर्यंत सगळं सांगितलं. सांगताना दोनदा अडखळले.

मैनाबाईंनी हातातला सरगुंडा खाली ठेवला. "शेवट नाही सांगतला त्याचा राग नाही मले. माया शेवट तुमाले आवडला, हे तं मले आज कळलं. चाळीस वर्सं कधी म्हटलं नाही तुमी."

"मंग राग कायचा हाय?"

"तुमी आरामात खुर्चीवर बसून पाह्यला त्याचा. मी पिशव्या घेऊन बसमागं पळो. एका खेपेले चप्पल तुटली, तशीच चढली. अन् तुमी तिकडे जफरभाऊसंगं शेंगा खात बसले! मले एकदा तरी म्हणाचं होतं, मैना, आज राहू आपण, सकाळच्या गाडीनं जाऊ. जफरभाऊच्या मायनं मले ठेवून नसतं घेतलं का?"

 "घेतलं असतं," मारोतराव म्हणाले. "मी बाबाले भ्यालो. बायकोले घेऊन रात्रभर बाहेर राह्यला म्हणून बोलले असते." मग वॉकरवरचे हात घट्ट करून म्हणाले, "चुकलं माह्यं."

हे दोन शब्द मैनाबाईंनी त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. 

"मले एक पुरा सिनेमा पाह्याचा हाय," मैनाबाई म्हणाल्या. "टीव्हीवर नाही. टॉकीजमंदी. नाव येते तिथपासून तं झाडूवाला येते तिथपर्यंत."

"नेतो. पाय बरा होऊ दे."

"तुमी नाही. तुमचे लय पाहून झाले. आमी बाया जाऊ."

रविवारी सकाळी चार जणी निघाल्या. दिग्रसहून यवतमाळची एस.टी. पकडली. हंसाबाईंनी खिडकी धरली, प्रभावतींनी पाण्याच्या चार बाटल्या आणि एक गुळाचा खडा घेतला, उन्हाला असावा म्हणून. सिनेमा निकितानं आदल्या दिवशी मोबाईलवरून निवडला होता. तीन बहिणी बापाचा बंद पडलेला ढाबा चालवायला घेतात, अशी गोष्ट.

थिएटरात शिरल्याबरोबर हंसाबाई म्हणाल्या, "अव, इथी तं हिवाळा हाय!" आणि पदर गळ्याभोवती गुंडाळून घेतला. मैनाबाई मधल्या खुर्चीवर बसल्या, पाय जमिनीला टेकतील असं पुढं सरकून. जाहिराती सुरू झाल्या तरी त्यांना वाटलं सिनेमाच सुरू झाला, आणि ही सिमेंटवाली माणसं पुढं कोण निघणार, याचा त्यांनी अंदाजही बांधला.

इंटरवल झाला. दिवे लागले. मैनाबाई ताडकन उभ्या राहिल्या आणि पायानं चपला शोधायला लागल्या.

"काय झालं, आई?"

"काय... काही नाही." त्या जरा वेळ तशाच उभ्या होत्या. मग हंसाबाईंनी त्यांच्या पदराला धरून खाली ओढलं. "बस नं व! पावणेपाच गेली कवाची!" चौघी एवढ्या हसल्या की पुढच्या रांगेतल्या पोरींनी वळून पाहिलं. निकितानं समोसे आणले. दिवे परत मालवले, आणि मैनाबाईंनी निकिताचा हात हातात घेतला तो शेवटपर्यंत सोडला नाही. हात खडबडीत होता, चिकाचा आणि उन्हाचा. निकिताला माहेरच्या आईची आठवण आली आणि आपण आता पाहुण्या उरलो नाही, असंही वाटलं.

सिनेमा संपला. लोक उठून गेले. पडद्यावर नावं वर सरकत होती, कोणी कपडे शिवले, कोणी गाड्या चालवल्या. मैनाबाई बसून होत्या. प्रभावती त्यांना एकेक नाव वाचून दाखवत होत्या. झाडू घेतलेली एक बाई दारात उभी राहिली, तेव्हा मैनाबाईंनी तिला हात जोडले आणि उठल्या.

"कसा वाटला, आई?"

"चांगला होता. लांब होता जरासा," मैनाबाई म्हणाल्या.

घरी पोचायला दिवेलागण झाली. ओसरीवर मारोतराव वॉकर बाजूला ठेवून बसले होते आणि कपिल घामाघूम होऊन स्वयंपाकघरातून बाहेर येत होता. बापलेकांनी मिळून पिठलं केलं होतं. त्यात गुठळ्या होत्या आणि मीठ दोघांनीही घातलं होतं. भाकरी जमेना म्हणून शेजारून हंसाबाईंच्या सुनेकडून आणल्या होत्या.

"कसा होता सिनेमा?" मारोतरावांनी विचारलं. दुपारपासून हाच प्रश्न घेऊन ते बसले असणार.

मैनाबाईंनी हातपाय धुतले, पाणी प्यायल्या आणि सांगायला बसल्या. पहिल्यापासून. तिन्ही बहिणींचे स्वभाव, ढाब्यावरचा कुत्रा, थोरलीचा रुसलेला नवरा, ट्रकवाल्यांचं भांडण. पिठलं थंड झालं. कपिल फोन खिशात ठेवून ऐकत होता. शेवटी थोरली ढाबा धाकट्या दोघींच्या हाती सोपवून नवऱ्याकडे परत जाते, इथं गोष्ट संपली.

"परत कायले गेली?" मारोतराव एकदम म्हणाले. "नाही पटलं."

"मले बी नाही पटलं. पण तसंच हाय सिनेमात."

"मंग तू दुसरा लाव."

"आज मी लय थकली," मैनाबाई म्हणाल्या. "तुमी लावा."

"मी?"

"हो. लावा नं. पाहू तरी."

मारोतरावांनी घसा साफ केला. जन्मात त्यांनी कधी गोष्ट रचली नव्हती. "तं... थोरली परत जात नाही. नवराच येते ढाब्यावर. म्हणते, मले भांडे घासाले ठेवा. अन्... अन् मंग बाजूच्या वावरात बोअर मारतात, तं पाणी लागते, दोन इंच. मंग ते तिथं संत्रा लावतात."

"संत्रा?" कपिल म्हणाला.

"पाणी हाय तं संत्राच लावतीन नं! चार वर्सानं फळाचा बार येते. भाव चांगला भेटते. अन् थो कुत्रा..."

"कुत्र्याचं काय?" मैनाबाईंनी विचारलं. त्यांचे खांदे हलायला लागले होते.

"कुत्र्याचं लग्न होते."

मैनाबाई हसता हसता भिंतीला टेकल्या. डोळ्यांतून पाणी आलं, ठसका लागला, निकितानं पाठीवर हात फिरवला, तरी त्या थांबेनात. मारोतराव आधी गोंधळले, मग तेही हसायला लागले. "काहून? चांगला नाही का? अजून हाय पुढं," ते म्हणाले, आणि कुत्र्याच्या वरातीला कोण कोण आलं होतं, ते सांगायला त्यांनी सुरुवात केली.